इको व्हॅनमध्ये दोघांचा स्वयंपाक: शेगडी कोणती, फ्रिज हवाच का, शिधा किती?

भटकी_शेगडी:

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत दोघांना मारुतीच्या इकोमध्ये राहायचं आहे. रेवदंड्यापासून किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ल्यापर्यंत, जमलं तर पुढे गोवा. गाडी पेट्रोलची आहे, सीएनजीची टाकी नाही, त्यामुळे डिकी पूर्ण मोकळी. मागच्या सीटच्या जागी प्लायचा पलंग, त्याखाली कप्पे, आणि मागच्या दारापाशी साधारण ९० बाय ४५ सेंटिमीटर जागा स्वयंपाकाला. आरटीओ आणि सीट काढण्याचा विषय दुसऱ्या धाग्यावर चघळून झालाय, तो इथे नको.

सकाळी चहा-नाश्ता, दुपारी पूर्ण जेवण, रात्री काहीतरी हलकं असा बेत. दोघंही मासे खातो. चहाला दूध आणि जेवणात ताक लागतंच.

अडलंय ते असं. गॅस की इंडक्शन? गॅस घेतला तर बाजारात मिळतो तो छोटा सिलिंडर, ज्याच्या डोक्यावरच शेगडी बसते, तो चालेल का? १२ व्होल्टचा फ्रिज घ्यायलाच हवा का, की बर्फाच्या खोक्यावर भागेल? आणि फ्रिज नसेल तर शिधा काय, किती, कशात भरायचा? मोघम नको, आकडे द्या प्लीज.


लोखंडीतवा:

आधी सिलिंडरचं. डोक्यावर शेगडीवाला तो छोटा सिलिंडर घेऊ नका. बहुतेक ठिकाणी तो घरगुती सिलिंडरला नळी लावून चोरून भरून देतात. किती भरला याला मोजमाप नाही, आणि त्यावर कुकर ठेवला की सगळा डोलारा उंच आणि डळमळीत. तेल कंपन्यांचा ५ किलोचा सिलिंडर ठरावीक पेट्रोल पंपांवर आणि एजन्सीत ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही, रिकामा देऊन भरलेला घेता येतो. घरातला १४.२ किलोचा गाडीत घालू नका, तो घरगुती वापरापुरताच असतो. रेग्युलेटर सिलिंडर घेताना तिथेच जोडून बघा, घरातला बसेल असं गृहीत धरून निघू नका. नळी आयएसआय छापाची, आत तारेची जाळी असलेली घ्या. घरी ती ५ वर्षं चालते. गाडीत रोज हिसके बसतात, म्हणून महिन्यातून एकदा सगळीकडून वाकवून चिरा बघायच्या.

एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर तो तुमच्या पलंगाखालच्या कप्प्यांत जाऊन बसतो, वरच्या खिडकीतून निघून जात नाही. हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला की ठिणगी पुरते. इकोच्या मागच्या भागात ३ घनमीटरच्या वर थोडी हवा असेल असं धरलं, तर सगळीकडे २ टक्के व्हायला दीडशे ग्रॅमच्या आतच गॅस लागतो. तळाशी साचला तर त्याहूनही कमी. म्हणून सिलिंडरला मागच्या दारापाशी स्वतंत्र खोकं करा: आतल्या बाजूने हवाबंद, वर रबर लावलेलं झाकण, आणि तळाला गाडीच्या पत्र्यातून आरपार दोन भोकं, प्रत्येकी निदान २५ मिलिमीटरची. भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून बघा. सायलेन्सर, पेट्रोलची टाकी किंवा वायरिंग यांच्यावर ते येता कामा नये. सिलिंडर उभाच ठेवायचा आणि पट्ट्याने आवळायचा. आडवा पडला तर वाफेऐवजी द्रव गॅस नळीत येतो आणि शेगडीवर भडका उडतो.

शेगडी एका बर्नरची, आणि ती आत नकोच. ४५ किलो वजन पेलणारे, बाहेर काढल्यावर लॉक होणारे ड्रॉवर चॅनेल लावून फळी मागच्या दारातून बाहेर ओढता येईल अशी करा. इकोचं मागचं दार वर उघडतं, त्यामुळे डोक्यावर आयतं छप्पर मिळतं. बंद गाडीत शेगडी पेटवली की एक धोका आगीचा आणि दुसरा कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला ना वास ना रंग; डोकं जड होतं आणि माणूस झोपी जातो. पावसाने स्वयंपाक आत करावाच लागला तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवा. गाडी उबदार करायला शेगडी, कोळसा काहीही नको.

किनाऱ्यावर संध्याकाळी वारा ज्योत पळवतो आणि गॅस दुप्पट जातो. पत्र्याचा तीन घड्यांचा आडोसा करा, उंची भांड्याच्या निम्म्यापर्यंत, चौथी बाजू उघडी. हे नळीच्या शेगडीलाच. ब्युटेनचा डबा आत बसणारी शेगडी घेतलीत तर तिला आडोसाही नको आणि मोठा तवाही नको. उष्णता उलटून डब्यावर येते आणि डबा तापतो.

खर्च: लहान बर्नर पूर्ण आचेवर तासाला शंभर-सव्वाशे ग्रॅम गॅस घेतो. दोघांचा दिवसाचा स्वयंपाक सव्वा तासात उरकला तर १४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ५ किलोला ३५ दिवस. किती उरलाय ते हलवून कळत नाही. सिलिंडरवर रिकाम्याचं वजन छापलेलं असतं. हातात धरायचा लगेजचा काटा अडकवा आणि वजाबाकी करा.


बाराव्होल्ट:

इंडक्शनचं गणित मांडतो, मग तुम्हीच ठरवा. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२.८ व्होल्टवर १,२८० वॉट-तास. इन्व्हर्टरमध्ये १०-१२ टक्के जातात. १,५०० वॉटला इंडक्शन लावलं तर बॅटरीतून १३० अँपिअरच्या वर ओढ येते, आणि या मापाच्या बऱ्याच बॅटऱ्यांचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) १०० अँपिअरला पुरवठा तोडतो. म्हणजे कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत सगळं बंद. मग माणूस ५०० वॉटवर ठेवतो. तिथे दुसरी खोच: स्वस्त इंडक्शन ५०० वॉट सलग देत नाही, १,००० ते १,२०० वॉट काही सेकंद चालू, काही सेकंद बंद असं करतं. बॅटरीला ओढ तेवढीच बसते, फक्त तुटक. खरेदीआधी वॉटमीटर लावून बघा.

दिवसाचा सगळा स्वयंपाक इंडक्शनवर केला तर ८०० ते १,००० वॉट-तास जातात. २०० वॉटचं पॅनल हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशी टपावर सपाट ठेवून ६०० च्या आसपास देतं, झाडाखाली उभी केलीत तर शंभरही नाही. कोकणात माणूस गाडी सावलीतच लावतो. तेव्हा गॅस मुख्य ठेवा, आणि वीज फ्रिजसाठी राखा.

फ्रिज घेणार असाल तर कॉम्प्रेसरवालाच. थंड-गरम दोन्ही करणारा जो हलका डबा मिळतो तो थर्मोइलेक्ट्रिक असतो. तो बाहेरच्या तापमानापेक्षा १५ ते २० अंशच खाली जातो. बाहेर ३४ असेल तर आत १५-१६, आणि मुख्य म्हणजे तो कधी थांबत नाही, रात्रंदिवस ४-५ अँपिअर खात बसतो. कोकणात तो कोल्ड्रिंकपुरता. ३० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५ वॉट घेतो, ३३-३५ अंशांत दिवसाचा ४० टक्के वेळ चालतो, म्हणजे ४०० ते ४५० वॉट-तास. वरच्या बॅटरीवर ऊन नसतानाही अडीच दिवस. जोडीला अल्टरनेटरवरून २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावलात तर दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये ५०० वॉट-तास परत येतात.

बिघाड बहुतेक वेळा वायरीत असतो. "फ्रिजचा दिवा लागतो, कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि बंद पडतो" ही तक्रार आली की आधी वायर बघावी. ५ मीटर लांबीची, दीड चौरस मिलिमीटरची जोडी घेतली तर ५ अँपिअरला जवळजवळ ०.६ व्होल्ट वाटेतच गळतात. कॉम्प्रेसर सुरू होताना ओढ दुपटीच्या वर जाते, फ्रिजला वाटतं बॅटरी संपली. ४ चौरस मिलिमीटरची वायर टाका, बॅटरीपाशी १५ अँपिअरचा फ्यूज, आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटऐवजी पक्कं कनेक्शन. फ्रिजच्या जाळीसमोर ५-७ सेंटिमीटर मोकळं सोडा. पलंगाखाली कोंबला की तो स्वतःच्याच गरम हवेत धापा टाकतो.

इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं हे विसरू नका. ड्रायव्हरच्या सीटमागचा कप्पा लांबच्या प्रवासात चांगलाच तापतो. तिथे फ्रिज, तेल, दूध पावडर काही नको. भांडी ठेवा.


आमसूल:

फ्रिजच्या मी विरोधात नाही, पण साडेचार महिन्यांच्या फेरीला तो लागतोच असंही नाही. शिधा नीट लावला तर दूध-दही सोडून फ्रिजमध्ये ठेवायला काही उरत नाही. एकच पथ्य: शिजवलेलं अन्न त्याच बैठकीत संपलं पाहिजे. भात तर मुळीच उरवायचा नाही. तांदळात असणारे एक प्रकारचे जिवाणू शिजवूनही बीजरूपाने टिकतात, कोमट भातात वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा परतूनही जात नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायची घरची सवय फ्रिज नसलेल्या गाडीत मोडायची. दोघांना पाऊण वाटी तांदूळ पुरतो, कमी पडला तर पोहे आहेत.

दोघांचा १५ दिवसांचा कोरडा शिधा, वाटी १५० मिलिची धरून: तांदूळ ३ किलो, मूगडाळ १ किलो, तूरडाळ अर्धा किलो, कुळथाचं पीठ अर्धा किलो, थालीपिठाची भाजणी १ किलो, तांदळाचं पीठ १ किलो, जाड पोहे १ किलो, भाजलेला रवा अर्धा किलो, मटकी-मूग मिळून पाऊण किलो, शेंगदाणे अर्धा किलो, गूळ अर्धा किलो, तेल दीड लिटर, मेतकूट २०० ग्रॅम, आमसूल १०० ग्रॅम, लसणाची सुकी चटणी २०० ग्रॅम. याहून जास्त भरू नका. मुरुड, दापोली, गुहागर, मालवण सगळीकडे वाणी आहेतच.

पिठांचं टिकणं सारखं नसतं. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडू पडतं, कारण त्यात तेल जास्त. ज्वारीचं तीन आठवडे जातं. भाजणीचं धान्य भाजलेलं असल्याने ती अडीच-तीन महिने उतरत नाही, म्हणून ती घरून न्या. किसलेलं सुकं खोबरं उन्हात तापलेल्या गाडीत आठवड्यात खवट होतं. वाट्या अख्ख्या न्या आणि लागेल तसं किसा. शेंगदाण्याला काळसर-हिरवट बुरशी दिसली तर निवडत बसू नका, पुडीच टाका.

भाज्या: कांदे आणि बटाटे एका पिशवीत नकोत, बटाट्यांना लवकर मोड येतात. लाल भोपळा अख्खा असेल तर तीन आठवडे, चिरला की दोन दिवस. सुरण दोन-तीन आठवडे, कोबी सहा दिवस, अर्धवट पिकलेला टोमॅटो पाच, दुधी चार, भेंडी दोन, पालेभाजी त्याच दिवशी. लिंबं ओल्या फडक्यात, आलं कोरड्या कागदात.

आता एका बर्नरचा क्रम. तीन लिटरचा कुकर. तळाशी थेट अर्धी वाटी मूगडाळ, दीड वाटी पाणी, हळद, हिंग. वर कडं, त्यावर डब्यात पाऊण वाटी तांदूळ आणि दीड वाटी पाणी. दोन शिट्ट्या, गॅस बंद, आणि कुकर लगेच गोधडीत गुंडाळून ठेवा. आतली उष्णता पंधरा-वीस मिनिटं काम करते, तेवढ्यात मोकळ्या बर्नरवर भाजी होते. शेवटी पळीत फोडणी करून वरणावर. कोकणातल्या तांदळाच्या भाकरीची सोय यात बसत नाही, उकड काढून भाकरी थापायला ओटा लागतो, त्याऐवजी थालीपीठ.

रात्रीला कुळथाची पिठी. दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, चार लसूण पाकळ्या ठेचून, एक लहान कांदा, तिखट. तीन वाट्या पाणी घालून उकळी आणा. तीन मोठे चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात आधी कालवून घ्या. थेट गरम पाण्यात टाकलं की गुठळ्या झाल्याच. ते ओतून ढवळा, मीठ, दोन आमसुलं, मंद आचेवर सहा-सात मिनिटं. सगळं मिळून बारा मिनिटं गॅस.

नाश्त्याला घरून तयार उपमा: अर्धा किलो रवा, ८० मिलि तेल, मोहरी, दोन मोठे चमचे उडीदडाळ, वीस कढीपत्त्याची पानं, चार सुक्या मिरच्या, दोन चमचे मीठ, चमचाभर साखर. कढीपत्ता हातात चुरला जाईल इतका कुरकुरीत झाला पाहिजे. त्यात ओल राहिली किंवा हिरवी मिरची घातली तर दहाव्या दिवशी बुरशी. पूर्ण गार करून भरा, महिनाभर राहतो. खाताना एक वाटी मिश्रणाला सव्वादोन वाट्या उकळतं पाणी, झाकून पाच मिनिटं.


भटकी_शेगडी:

आभार, आमसूल. गोधडीची युक्ती आवडली. मग राजमा, छोले, मटकी हे रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये उकळत्या पाण्यात टाकून ठेवले तर शिजतील ना? गॅस अजून वाचेल. आणि दुधाचं काय करावं?


आमसूल:

राजमा तसा अजिबात करू नका. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते जायला निदान दहा मिनिटं खळखळ उकळी लागते. थर्मासमधलं तापमान हळूहळू उतरत जातं. ८० अंशांवर राजमा मऊ पडेल, पण विष जाणार नाही, उलट कच्च्यापेक्षा जास्त त्रास होऊ शकतो. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, कुकरला शिट्ट्या करा, मग हवं तर गोधडी. छोलेही कुकरलाच. मोडाची मटकी आणि मूग थर्मासमध्ये होतात: दहा मिनिटं उकळून, उकळत्या पाण्यानेच आधी तापवलेल्या थर्मासमध्ये, दीड तास. तो अर्धाच भरला तर लवकर निवतो, काठोकाठ भरा.

कल्पना जुनीच आहे. १९१० साली कोलकात्यात डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी काढलेल्या इकमिक कुकरचं तत्त्व हेच: खाली थोडे निखारे, वर डब्यांवर डबे, आणि उष्णता कोंडून सावकाश शिजवणं.

दूध: टेट्रापॅकचं २०० मिलिचं पाकीट घ्या, लिटरचं नको. न उघडलेलं पाकीट फ्रिजविना महिनोन्महिने राहतं, उघडलं की थैलीच्या दुधासारखंच नासतं. लहान पाकीट दोन वेळच्या चहात संपतं. जोडीला दूध पावडर, २५ ग्रॅमला २०० मिलि पाणी, आधी थोड्या कोमट पाण्यात कालवून. दही सकाळी वाण्याकडून घ्या आणि दुपारी ताक करून संपवा. विरजण लावायचंच तर रात्री. ऑक्टोबरमध्ये पाच तासांत लागतं आणि आठव्या तासाला आंबट ढोण.


मिसळणाचा_डबा:

डब्यांबद्दल कोणी बोललं नाही. घरचा गोल मिसळणाचा डबा नेऊ नका (माझ्या नावावर जाऊ नका). आतल्या वाट्यांना झाकण नसतं, पहिल्याच घाटात हळद, तिखट आणि मोहरी यांचं कडबोळं होतं. रुंद तोंडाच्या, फिरकीच्या झाकणाच्या १०० मिलिच्या आठ बाटल्या, एका ट्रेमध्ये घट्ट बसवून. धान्याला चार बाजूंनी क्लिप आणि रबराची कडा असलेले चौकोनी डबे. गोल डबे ठेवले की कोपऱ्यातली जागा फुकट जाते. स्टीलचे डबे एकमेकांवर आपटून रात्रभर डोकं उठवतात, मध्ये जुन्या सतरंजीचे तुकडे घाला.

लोणच्याचं आणि गोडेतेलाचं झाकण कितीही घट्ट असलं तरी हिसक्यांनी तेल वर चढतं आणि पाझरतं. तोंडावर जाड प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून मग झाकण फिरवा, बाटली उभी, खाली कागद, आणि वरच्या पोकळीत फडकं कोंबा.

समुद्राकाठी कोरडं काहीच कोरडं राहत नाही. मीठ पाझरतं, पापड वातड होतात. मिठात भाजलेले तांदळाचे पाच-सहा दाणे टाका. डबा उघडायचा तो पहाटे नको, दुपारी, हवा त्यातल्या त्यात कोरडी असताना. पहाटे पिठाचा डबा उघडून बसलात तर ओल आत जाऊन आठवड्यात पिठाचे गोळे होतात. रव्यात जाळी आणि डाळीत पोरकिडे बहुतेक वेळा दुकानातूनच येतात. नवीन पुडी थेट डब्यात ओतू नका, ताटात पसरून बघा, तासभर ऊन द्या, पूर्ण गार झाल्यावर भरा. गरम भरलं तर झाकणाला आतून घाम सुटतो, तो पुन्हा धान्यात. बोरिक पावडर लावायचा घरगुती सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, ते खायचं द्रव्य नव्हे.

मुंग्या टायरवरून आणि झाडाला बांधलेल्या दोरीवरून येतात. गूळ-साखरेचा डबा पाणी भरलेल्या ताटलीत ठेवायची युक्ती थांबलेल्या गाडीतच चालते, चालत्या गाडीत पाणी अंगावर. उंदीर आले तर प्रश्न अन्नाचा राहत नाही, ते वायरी कुरतडतात. रात्री ओला कचरा गाडीत ठेवू नका.

पाणी: पिणं, स्वयंपाक, भांडी मिळून दोघांना दिवसाला १२ ते १५ लिटर. २० लिटरचे दोन जार म्हणजे ४० किलो वजन, ते पलंगाखाली मधोमध ठेवा, मागच्या टोकाला नको. भांडी घासण्याआधी वर्तमानपत्राने पुसून घ्या, मग फवाऱ्याच्या बाटलीने दोन वेळा धुवा. कढई, कुकर, दोन ताटं तीन लिटरमध्ये होतात. ते खरकटं पाणी वाळूत ओतू नका, दुसऱ्या दिवशी कुत्री आणि माश्या तुमच्याच दाराशी.


खाडीपलीकडे:

मासे आणि बर्फ याबद्दल.

हर्णै, रत्नागिरीचं मिरकरवाडा, मालवण कुठल्याही बंदरावर ताजा मासा घ्या आणि तासाभरात शिजवा, साठवू नका. बांगडा, कुपा, सुरमई या जातींत एक वेगळीच भानगड आहे. मासा उन्हात राहिला की त्यांच्या मांसात हिस्टामाइन तयार होतं. वास येण्याआधीच होतं, आणि तळून, उकळून, लिंबू पिळून ते जात नाही. खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात तोंड लाल, अंगावर गांधी, डोकं ठणकतं, आणि लोक म्हणतात माशाची अ‍ॅलर्जी आली. तोंडात मिरीसारखं चुणचुणलं तर तिथेच ताट बाजूला करा. दुपारी बाराला उघड्या टोपलीतला बांगडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. घेतल्यापासून शिजेपर्यंत माशाइतक्याच वजनाचा बर्फ वर-खाली हवा. आतडं आणि कल्ले घेतानाच काढून घ्या.

फ्रिज टाळून बर्फावर राहायचं तर हिशोब असा. एक किलो बर्फ वितळताना ९३ वॉट-तासांइतकी उष्णता पितो. चार सेंटिमीटर जाड पफचं (उष्णता अडवणाऱ्या फोमचं) ३० लिटरचं खोकं ३५ अंशांत दिवसाला ३ ते ४ किलो बर्फ खातं. सहलीला नेतात ती पातळ भिंतीची बादली घेतली तर त्याच्या दुप्पट. चुरा नको, लादीचा अखंड तुकडा घ्या. पृष्ठभाग कमी म्हणून सावकाश वितळतो. खोकं आदल्या रात्री थोड्या बर्फाने थंड करून ठेवा, नाहीतर पहिला किलो खोक्याच्या भिंतींतच जातो. तळाला जाळी आणि बूच असलेली तोटी हवी, म्हणजे डबे वितळलेल्या पाण्यात पोहणार नाहीत.

बंदरावरची लादी खाण्याच्या पाण्याची नसते. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. रंग दिसो वा न दिसो, तो बर्फ सरबतात टाकू नका आणि वितळलेलं पाणी उघड्या भाजीला लागू देऊ नका. सगळं झाकणाच्या डब्यात.

बाराव्होल्ट यांच्या मताशी थोडा फरक: तुम्ही रोज बंदराच्या आसपास असाल तर बर्फाचं खोकं पुरतं. चार-चार दिवस एकाच आडबाजूच्या पुळणीवर राहायचं असेल तर फ्रिज. रोज २० किलोमीटर बर्फासाठी गाडी काढली तर पेट्रोलच फ्रिजची किंमत खाईल.

सुकी मासळी न्यायची तर सोडे न्या, जवळा आणि बोंबील नको. चांगले वाळलेले सोडे दोन पिशव्यांत आणि क्लिपच्या डब्यात बंद राहतात. बोंबलाचा वास गादीत बसला की तो फेब्रुवारीपर्यंत तुमच्यासोबत झोपतो.


भटकी_शेगडी:

फ्रिज रद्द. ३० लिटरचं पफचं खोकं, ५ किलोचा सिलिंडर, बाहेर सरकणारी फळी. सिलिंडरचं खोकं डाव्या बाजूला घेतोय, उजवीकडे खाली सायलेन्सर दिसला. एक राहिलं: वाटेत खाडी ओलांडायला दाभोळ–धोपावे आणि जयगड–तवसाळ या फेरीबोटी घ्यायच्या आहेत. गाडीत सिलिंडर असताना काय करायचं?


लोखंडीतवा:

चढण्याआधी तिथल्या माणसाला सिलिंडर आहे हे सांगा, तो सांगेल तिथे गाडी लावा. धक्क्यावर येण्याआधीच रेग्युलेटर बंद करून काढून ठेवा आणि सिलिंडरच्या तोंडावर दोरीवालं टोपण बसवा. नुसती शेगडीची कळ बंद करणं पुरत नाही, नळीत गॅस राहतो. नळीतला गॅस संपवायचा तर धक्क्याच्या बराच आधी, मोकळ्या जागी: शेगडी पेटती ठेवून रेग्युलेटर बंद करा, ज्योत आपोआप विझते. फेरीबोटीवर हलताना सिलिंडरचा पट्टा सैल होतो. उतरल्यावर तो पुन्हा आवळा, रेग्युलेटर लावा, आणि पहिला चहा टाकण्याआधी सांध्यांवर साबणाचा फेस लावून बघा. बुडबुडा मोठा होत गेला तर रेग्युलेटर काढून पुन्हा बसवा. तरी येत असेल तर आतली रबरी रिंग गेलीय. ती एजन्सीतूनच बदलून घ्या, तोवर सिलिंडर टोपण लावून बंद.